देहकष्ट, दान आणि नियत

रमजानला दीड-दोन महिने अवकाश होता. एका शुक्रवारी जुमाची नमाज आटोपून बाहेर पडत असताना वाशीममधीलच एक तरुण माझी वाट पाहत उभा असलेला दिसला. हा मुलगा रोज फज्रनंतर रिसोड रस्त्याने धावायला जातो, हे मला ठाऊक होते. तो म्हणाला, “चाचा, एक मसला विचारायचा आहे. वाशीमहून मुंबईपर्यंत धावत जायचा माझा इरादा आहे. मालेगाव, मेहकर, सिंदखेडराजा, जालना असा जुना रस्ता धरला, तर अंतर सुमारे साडेपाचशे किलोमीटर भरते. बारा दिवस लागतील. लोकांनी दर किलोमीटरमागे काही रक्कम द्यावी आणि ती सगळी कर्करोगाच्या संशोधनासाठी द्यावी, असे मनात आहे. हे दुरुस्त आहे का?”

बारा दिवसांत साडेपाचशे किलोमीटर म्हणजे रोज एका मॅरेथॉनहून अधिक अंतर. मी फारसा विचार न करता म्हणालो, “बेटा, दान करायचे तर गुपचूप करावे. पायांना छळून अल्लाहची मर्जी मिळत नाही.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. त्याचे वडील तोंडाच्या कर्करोगाने गेले, हे मला माहीत होते. आवाज न चढवता तो म्हणाला, “चाचा, अब्बांच्या इलाजासाठी मी दारोदार फिरलो. पुष्कळांनी दिले, अल्लाह त्यांना बरकत देवो. पण देण्याआधी बहुतेकांनी एकच विचारले, ‘वाचतील का?’ मला उत्तर देता येत नव्हते. डॉक्टरांनाही देता येत नव्हते. ते उत्तर जे शोधत आहेत, त्यांच्यासाठी मला मागायचे आहे. नुसते मागितले तर कोण देईल?”

सलाम करून तो निघून गेला. मी त्याला दिलेले उत्तर चुकीचे नव्हते; परंतु ते अपुरे होते, आणि धर्माच्या नावाने दिलेले अपुरे उत्तर कधीकधी चुकीच्या उत्तराहून अधिक नुकसान करते. म्हणून या प्रश्नाचा नीट विचार करणे मला आवश्यक वाटले.

देह ही अमानत

पहिला प्रश्न देहाचा. माणूस आपल्या शरीराचा मालक नाही, अमानतदार आहे, ही इस्लामची मूलभूत शिकवण आहे. हजरत सलमान (रजि.) यांनी आपले मित्र हजरत अबू दरदा (रजि.) यांना रोजे आणि रात्रीची इबादत यांत अतिरेक करताना पाहिले, तेव्हा अल्लाहप्रमाणेच स्वतःच्या जीवाचा आणि घरच्या माणसांचाही माणसावर हक्क असतो, याची त्यांना जाणीव करून दिली, आणि पैगंबर (स.) यांनी सलमान (रजि.) यांचे म्हणणे खरे ठरवले. बुखारी शरीफमधील ही हदीस आपण अनेकदा ऐकतो.

आपल्या प्रश्नाला तर त्याहूनही जवळची अशी तीन उदाहरणे हदीसमध्ये आहेत. एक वृद्ध गृहस्थ आपल्या दोन मुलांच्या खांद्यांचा आधार घेऊन कसेबसे चालत होते. पैगंबर (स.) यांनी चौकशी केली, तेव्हा कळले की त्यांनी पायी जाण्याचा नवस केला आहे. या माणसाने स्वतःला यातना द्याव्यात याची अल्लाहला काहीही गरज नाही, असे सांगून पैगंबर (स.) यांनी त्यांना वाहनावर बसण्याची आज्ञा केली. दुसरे उदाहरण अबू इस्राईल (रजि.) यांचे. उन्हात उभे राहायचे, बसायचे नाही, सावली घ्यायची नाही, कोणाशी बोलायचे नाही आणि रोजा ठेवायचा, असा त्यांचा नवस होता. त्यांना बोलण्यास, बसण्यास आणि सावलीत येण्यास सांगण्यात आले. रोजा मात्र पूर्ण करण्यास सांगितले. तिसरे उदाहरण हजरत उकबा बिन आमिर (रजि.) यांच्या बहिणीचे. तिने काबागृहापर्यंत पायी जाण्याचा नवस केला होता. तिने चालावे आणि वाहनावरही बसावे, असा तिला निर्णय मिळाला.

या तिन्ही प्रसंगांतून एक बारीक परंतु महत्त्वाचा भेद स्पष्ट होतो. रोजामध्येही कष्ट आहेत, उन्हात उभे राहण्यातही कष्ट आहेत. त्यांपैकी एक राखले आणि दुसरे काढून टाकले. रोजाचे कष्ट एका फर्मानाबरोबर येतात. उन्हाचे कष्ट केवळ कष्टासाठी ओढवून घेतलेले होते. पैगंबर (स.) स्वतः रात्रीच्या नमाजमध्ये इतका वेळ उभे राहत की त्यांच्या पायांना सूज येई. परंतु पाय सुजावेत म्हणून ते उभे राहत नसत. सूरह तौबाच्या 120व्या आयतीत अल्लाहच्या मार्गातील तहान, थकवा आणि भूक यांची नोंद सत्कृत्य म्हणून होते, असे सांगितले आहे. पण तेथेही मार्ग आधी आहे आणि थकवा त्याच्या मागून येतो. म्हणजे कष्ट वाटेत भेटले तर त्यांचे मोल आहे. कष्टांनाच मुक्काम मानले, तर ते व्यर्थ आहेत.

आता खरी अडचण येथे उभी राहते. पाणी वाहून नेणाऱ्याला ओझे उचलावेच लागते, रुग्णाची सेवा करणाऱ्याला जागावेच लागते. परंतु संशोधनासाठी निधी जमवायला धावावे कशाला लागते? धावल्याने प्रयोगशाळेतील एकही परीक्षण पुढे सरकत नाही. मग हा तरुण अबू इस्राईल (रजि.) यांच्याप्रमाणे उन्हात उभा राहण्याचाच हट्ट तर करीत नाही ना? माझे पहिले उत्तर याच शंकेतून आले होते.

हाक आणि तिची उंची

या शंकेचे उत्तर शोधताना सहीह मुस्लिममधील हजरत जरीर (रजि.) यांनी सांगितलेला प्रसंग मला आठवला. मुदर कबिल्याचे काही लोक मदीनेत आले. अंगावर धड वस्त्र नाही, पोटात अन्न नाही. त्यांची ती दशा पाहून पैगंबर (स.) यांच्या चेहऱ्याचा रंग पालटला. नमाजनंतर त्यांनी प्रवचन दिले आणि ज्याला जे शक्य असेल ते देण्याचे आवाहन केले. त्यानंतर एक अन्सारी सहाबी थैली घेऊन आले. ती इतकी जड होती की त्यांच्या हातांना पेलवत नव्हती. त्यांच्यामागून लोकांची रीघ लागली आणि अन्नाचे व कपड्यांचे दोन ढीग उभे राहिले. पैगंबर (स.) यांचा चेहरा आनंदाने उजळला. जो इस्लाममध्ये एखादा चांगला पायंडा पाडतो, त्याला त्याचा आणि त्याच्यामागून तसे करणाऱ्यांचाही मोबदला मिळतो, ही सुप्रसिद्ध शिकवण त्यांनी याच प्रसंगी दिली.

हे दान गुपित नव्हते. सर्वांच्या देखत, भरल्या सभेत ते झाले. आणि त्याचे उघड असणे हेच इतरांसाठी आवाहन ठरले. शब्दांनी जे होते, तेच कधीकधी एखाद्याच्या वाकलेल्या हातांनी होते. बारा दिवस धावणाऱ्याचा थकवा हे त्याचे दान नव्हे. ती त्याची हाक आहे. ‘ही गोष्ट मला इतकी महत्त्वाची वाटते’, एवढेच तो आपल्या पायांनी सांगत असतो.

असे मानले, तर मर्यादाही आपोआप ठरते. अजान मोहल्ल्यात ऐकू जाईल इतकी उंच असावी. मुअज्जिनचा गळा फाटावा, हा तिचा हेतू नसतो. धावणाऱ्याचे कष्ट लोकांच्या कानी पडण्याइतके असावेत. देह मोडून पडेल इतके नसावेत. त्या बहिणीला मिळालेला निर्णय येथे दिवा दाखवतो : चालावे आणि वाहनावरही बसावे.

टेरी फॉक्स यांचे उदाहरण

या प्रकारच्या दौडीची परंपरा ज्यांच्यापासून जगभर पसरली, त्या कॅनडाच्या टेरी फॉक्स यांची हकिकत विचार करण्याजोगी आहे. 1977 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी हाडाच्या कर्करोगामुळे त्यांचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. रुग्णालयात त्यांनी इतर कर्करुग्णांचे, विशेषतः मुलांचे हाल पाहिले. 12 एप्रिल 1980 रोजी अटलांटिक महासागराच्या किनाऱ्यावरून त्यांनी कृत्रिम पायाने धावण्यास आरंभ केला. 143 दिवसांत ते 5,373 किलोमीटर धावले. 1 सप्टेंबर रोजी थंडर बे शहराजवळ त्यांना थांबावे लागले, कारण कर्करोग फुप्फुसांत पोहोचला होता. देशातील प्रत्येक माणसामागे एक डॉलर जमावा, ही त्यांची इच्छा होती. 1981च्या फेब्रुवारीपर्यंत 2 कोटी 41 लाखांहून अधिक डॉलर जमले आणि ती पूर्ण झाली. त्याच वर्षी 28 जून रोजी, वयाच्या 22व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने होणाऱ्या वार्षिक दौडींतून आजवर 80 कोटी डॉलरांहून अधिक निधी संशोधनाला मिळाला आहे.

येथे कोणी विचारील की मुसलमानाने अशा उदाहरणाकडे का पाहावे? मक्केतील ‘हिल्फुल फुजूल’ हा करार नबुव्वतच्या आधीचा होता. पीडिताला त्याचा हक्क मिळवून देण्यासाठी झालेल्या त्या करारात पैगंबर (स.) सहभागी होते, आणि इस्लामच्या काळातही तशी हाक आल्यास आपण ती स्वीकारू, असे त्यांनी सांगितले. सूरह माइदाच्या दुसऱ्या आयतीत सत्कार्यात व ईशपरायणतेत सहकार्य करण्याची आज्ञा आहे. चांगुलपणा कोठेही आढळला, तरी तो आपल्याला परका नाही.

मात्र आदर म्हणजे आंधळे अनुकरण नव्हे. फॉक्स यांनी आपली दौड कोणत्याही मालाच्या जाहिरातीसाठी वापरू दिली नाही, हे घेण्यासारखे आहे. दौडीच्या काळात त्यांनी वैद्यकीय तपासण्या टाळल्या, हे मात्र आपल्या शिकवणुकीत बसत नाही. ज्या ज्ञानासाठी लोकांकडे मागायचे, त्याच ज्ञानाचा सल्ला स्वतःच्या देहाबाबत नाकारणे योग्य नव्हे. आपल्याच देशातील धावपटू सुफिया खान यांनी 2019 मध्ये काश्मीर ते कन्याकुमारी हे सुमारे चार हजार किलोमीटरचे अंतर 87 दिवसांत धावून, मानवता व ऐक्याचा संदेश दिला. तेव्हा ही गोष्ट आता केवळ दूरदेशीची राहिलेली नाही.

इलाज शोधणे ही इबादत

निधी संशोधनालाच का? रुग्णाला थेट का नको? हा प्रश्न रास्त आहे. अल्लाहने असा कोणताही आजार उतरवला नाही ज्याचा इलाज उतरवला नाही, अशी हदीस आहे. आणि एका रिवायतीत पुढे असे आहे की जाणणाऱ्याला तो कळतो व न जाणणाऱ्याला कळत नाही. म्हणजे इलाज अस्तित्वात आहे, तो शोधून काढण्याचे काम माणसाचे आहे. मृत्यूनंतरही ज्यांचा मोबदला सुरू राहतो अशा तीन गोष्टींत सदका-ए-जारियाबरोबरच लोकांना उपयोगी पडणाऱ्या ज्ञानाचा उल्लेख आहे. तेराव्या शतकात सुलतान कलावून यांनी कैरोमध्ये वक्फच्या उत्पन्नावर मोठे रुग्णालय उभारले, ते याच भावनेतून.

आपल्या महाराष्ट्रातील दोन उदाहरणे पाहू. त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील 52 ग्रामसमूहांत 30 ते 59 वर्षे वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा सहभाग असलेला एक अभ्यास टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या सहकार्याने झाला. त्याचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात केवळ एकदा केलेल्या विषाणूच्या चाचणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून जगाला कळले. ते ज्ञान शेतमजुरी करणाऱ्या स्त्रियांच्या सहभागातून निर्माण झाले. दुसरा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने देशातील 11 केंद्रांत सुमारे 1,600 स्त्रियांवर तो झाला. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती लिग्नोकेन हे बधिर करणारे साधे औषध टोचले, तर पाच वर्षांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण 86.4 टक्क्यांवरून 90.1 टक्क्यांवर जाते, असे दिसून आले.

लिग्नोकेन अत्यंत स्वस्त आहे. त्यातून कोणाला मोठा नफा मिळणार नाही. ज्या ज्ञानात नफा नाही, ते शोधण्यासाठी सरकारला किंवा दानशूरांनाच पुढे यावे लागते. वाशीमसारख्या जिल्ह्यातील माणसाला हेच स्वस्त ज्ञान हवे आहे. निती आयोगाने 2018 मध्ये महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांना आकांक्षित जिल्हे म्हणून निवडले, त्यांत वाशीमचा समावेश आहे. येथील कर्करुग्णाला नागपूर गाठावे लागते, किंवा अकोल्याहून रात्रीची गाडी धरून मुंबई. जमीन गहाण पडते, मुलांचे शिक्षण थांबते. म्हणून इलाज सापडणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो परवडणारा असणेही महत्त्वाचे आहे. सूरह माइदाच्या 32व्या आयतीत एका जीवाला वाचवणे हे साऱ्या मानवजातीला वाचवण्यासारखे मानले आहे.

एक खुलासा आवश्यक आहे. हनफी फिक्हनुसार जकातची रक्कम पात्र गरजूच्या मालकीत जाणे आवश्यक असते. त्यामुळे संशोधनासाठी जकात नव्हे, तर नफिल सदका द्यावा, आणि शंका असल्यास उलमांना विचारावे. तसेच संशोधनाला दिले म्हणून शेजारच्या रुग्णाचा हक्क संपत नाही.

हाक उघड, दान गुपित

आता नियतचा प्रश्न. कयामतच्या दिवशी सर्वप्रथम ज्यांचा न्याय होईल, त्या तिघांविषयीची हदीस अंगावर काटा आणते. त्यांत एक शहीद, एक विद्वान आणि एक दानशूर आहे. तिघांचीही कृत्ये थोर होती; परंतु ती लोकांनी वाहवा करावी म्हणून केली होती. सूरह बकराच्या 264व्या आयतीत दिखाव्यासाठी दान करणाऱ्याला गुळगुळीत खडकाची उपमा दिली आहे : वर थोडी माती, जोराचा पाऊस पडला की खडक उघडा. आजच्या काळात हातात मोबाइल असताना हा पाऊस कोणत्याही क्षणी पडू शकतो. प्रत्येक गावच्या वेशीवर हार, प्रत्येक मुक्कामाची छायाचित्रे, आणि शेवटी आजार मागे पडून धावणाऱ्याचेच नाव पुढे.

तरीही त्याच सूरहच्या 271व्या आयतीत उघड दानालाही चांगले म्हटले आहे. गुपचूप गरिबांना देणे अधिक चांगले, असे सांगितले आहे. यातून मला एक वाट दिसते. हाक उघड असावी आणि स्वतःचे दान गुपित असावे. त्या तरुणाने लोकांकडे जाहीरपणे मागावे. परंतु आपल्या खिशातून तो जे देईल, ते त्याच्या डाव्या हातालाही कळू नये. नियतची परीक्षा एका प्रश्नाने करावी : माझे नाव कोठेही न येता तितकीच रक्कम जमणार असेल, तर मी तितक्याच आनंदाने धावेन का?

देणाऱ्याची परीक्षा

आपण धावणाऱ्याच्या नियतची इतकी झडती घेतो. बसून पाहणाऱ्याची कोण घेणार? सूरह आदियातमध्ये धापा टाकत दौडणाऱ्या घोड्यांची शपथ घेतली आहे. आणि त्या शपथेनंतर काय सांगितले आहे? माणूस आपल्या पालनकर्त्याशी कृतघ्न आहे आणि संपत्तीच्या प्रेमात तो फार कठोर आहे. म्हणजे धाप दौडणाऱ्याची आणि आरोप मात्र संपत्तीला कवटाळणाऱ्यावर.

स्वतःच्या हाताने स्वतःला विनाशात टाकू नका, या अर्थाची सूरह बकराची 195वी आयत आपण धाडस करणाऱ्याला ऐकवतो. मीही त्या दिवशी मनातल्या मनात तीच आयत धरली होती. परंतु ती आयत अल्लाहच्या मार्गात खर्च करण्याच्या आज्ञेने सुरू होते. कॉन्स्टँटिनोपलच्या मोहिमेत लोकांनी ती एका धाडसी सैनिकाला लावली, तेव्हा हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांनी त्यांना दुरुस्त केले. आपली मालमत्ता सांभाळत घरी बसण्याचा विचार अन्सारांच्या मनात आला, तेव्हा ती उतरली. विनाश त्या बसण्यात होता, असे त्यांनी स्पष्ट केले.

दुसऱ्याचे पाय सोलवटल्याशिवाय आपली थैली का सुटत नाही? हा प्रश्न त्या तरुणाने मला विचारला होता आणि मी त्याला उपदेश केला. त्याला धावावे लागते, यात त्याच्यापेक्षा आपला दोष अधिक आहे. आणखी एक गोष्ट. आपल्या भागात चौकाचौकात खर्रा घोटला जातो. राज्यात गुटखाबंदी 2012 मध्ये आली, तरी सवय गेली नाही. त्याच पानटपरीवर उभे राहून, गालात खर्रा ठेवून आपण धावणाऱ्याला टाळ्या वाजवणार असू, तर तोंडाच्या कर्करोगाने गेलेल्या बापाच्या मुलाला आपण काय देतो? खर्रा सोडण्यासाठी साडेपाचशे किलोमीटर धावावे लागत नाही.

त्या तरुणाला उत्तर

पुढच्या शुक्रवारी मी स्वतः त्याला शोधले आणि माझे उत्तर दुरुस्त केले. मी म्हणालो, “बेटा, धाव. पण आधी आईची परवानगी घे. जिहादसाठी निघालेल्या माणसालाही पैगंबर (स.) यांनी आईवडील हयात आहेत का, असे विचारून त्यांच्या सेवेत राहण्यास सांगितले होते. डॉक्टरांकडून तपासणी करून घे आणि त्यांनी थांब म्हटले, तर थांब. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात निघू नकोस, थंडीत नीघ. समृद्धी महामार्गावर पायी जाण्यास मनाई आहे, तेव्हा जुनाच रस्ता धर. नमाज चुकवू नकोस. तू मुसाफिर असशील, कसरची सवलत अल्लाहनेच दिली आहे. वाटखर्च स्वतःचा कर, लोकांच्या पैशाला हात लावू नकोस. आणि पैशापैशाचा हिशेब लिहून जाहीर कर.”

तो म्हणाला, “आणि चाचा, मध्येच पाय थांबले तर?”

मी त्याला हजरत हाजरा (अलै.) यांची आठवण दिली. तान्ह्या बाळाच्या तहानेने व्याकूळ होऊन त्या सफा आणि मरवा यांच्यामध्ये सात वेळा धावल्या. पाणी ना सफावर सापडले, ना मरवावर. जमजम उगवला तो बाळाजवळ, जेथून त्या निघाल्या होत्या तेथे. त्यांच्या दौडीने पाणी आणले नाही, पाणी अल्लाहने दिले. तरीही ती दौड वाया गेली नाही. कयामतपर्यंत प्रत्येक हाजी तिची आठवण आपल्या पायांनी जागवत राहील. धावणे आपल्या हाती आहे, जमजम अल्लाहच्या हाती आहे.

एवढे बोलून मी खिशातून काही रक्कम काढून त्याच्या हातावर ठेवली. किती, हे येथे लिहिण्याचे कारण नाही. त्याने अजून एक किलोमीटरही धाव घेतलेली नव्हती.

अल्लाह सर्व रुग्णांना शिफा देवो, इलाज शोधणाऱ्यांच्या ज्ञानात बरकत देवो, आणि कोणी धावण्याआधीच देणारे हात आपणा सर्वांना देवो. आमीन.